बसा ना, ताई

बुटांच्या दुकानात बसायला एकच बुटकं स्टूल होतं आणि त्याच्यावर तिची लेक मुंगी बसली होती. एका पायात नवा काळा बूट, दुसरा पाय नुसत्या मोज्यात. ती लेकीपुढे उकिडवी बसून बुटाचा चवडा दाबून बघत होती. बूट पुढच्या वर्षीही चालायला हवे होते, म्हणून एक नंबर मोठे घ्यावेत की दोन, यावर तिचं आणि दुकानदाराचं चाललं होतं. "दोन नंबर मोठे घेतलेत तर पोरगी बुटातच राहायला जाईल, बाई," दुकानदार म्हणाला आणि मुंगी खुदकन हसली. ते हसणं तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं, कारण त्याच्या पाठोपाठ काचेचं दार उघडलं आणि दारात एक उंच मुलगी उभी राहिली, अंगावर मुंगीच्याच शाळेचा गणवेश, मागे किल्ल्या खुळखुळवणारा ड्रायव्हर. मुंगीच्या आईला आधी डोळे ओळखू आले, मग ती जराशी पुढे आलेली हनुवटी. "अगंबाई! बेबीताई!" तिच्या तोंडून निघून गेलं. "केवढ्या उंच झालात हो तुम्ही!" मनापासून आलं होतं ते, त्यात काही खोटं नव्हतं, या पोरीला तिनं रांगत्या वयापासून शाळेत जाईपर्यंत वाढवलं होतं. बेबीताईही हसली, "माऊ, तू इथे कशी?" म्हणाली. आणि तेवढ्यात पाठीमागून, अगदी खालच्या पट्टीत, कुणीतरी म्हणालं, "बसा ना, ताई." तिनं वळून पाहिलं. मुंगी स्टुलावरून उठली होती. एका पायात बूट, एका पायात मोजा, त्यामुळे ती एका बाजूला कलली होती, आणि स्टूल तळहातानं पुसत होती. बेबीताई बसली. ना आढेवेढे, ना आभार. आपण आपल्या घरी आपल्या खुर्चीवर बसतो तशी बसली आणि दुकानदाराला म्हणाली, "मला पांढरे दाखवा."

बुटांची पिशवी घेऊन दोघी रस्त्याला लागल्या. ती स्वतःला समजावत होती की यात काय एवढं, पोरगी चांगल्या वळणाची आहे, कुणी आलं की जागा देते. पण जागा द्यायची एक रीत असते. माणूस उठतो, सरकतो, बस म्हणतो. आधी पुसत नाही. "तू का उठलीस गं?" तिनं शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं. मुंगी फुटपाथच्या फरशांच्या रेघा चुकवत चालली होती. "त्यांना बसायचं होतं," ती म्हणाली. "कुणाला?" "त्यांना." स्टुलापेक्षाही हा शब्द तिच्या वर्मी लागला. मुंगी आणि बेबीताई एकाच वर्गात, एकाच तुकडीत. दोघींच्या वयात जेमतेम काही महिन्यांचं अंतर, आणि ते अंतर तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मुंगीचं दूध तोडून, तिला शेजारच्या काकूंकडे ठेवून, ती बेबीताईच्या घरी कामाला लागली होती. तेव्हा एक पोर रांगत होतं आणि दुसरं नुकतं कुशीवर वळत होतं. रांगणारं दुसऱ्याचं होतं. वळणारं तिचं.

मुलं सांभाळणाऱ्या बायका पुरवणारं एक ऑफिस होतं. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्या नव्या बायकांना ओळीनं उभं करून काय काय सांगितलं होतं. नखं वाढवायची नाहीत. अत्तर लावायचं नाही. आपल्या पोराबाळांच्या गोष्टी काढायच्या नाहीत. बाळानं पहिलं पाऊल टाकलेलं आपण पाहिलं तरी बोलायचं नाही. संध्याकाळी बाळाची आई येईल, बाळ पुन्हा चालेल, तेच पहिलं पाऊल. आणि मूल पाळण्यात असलं तरी त्याला अहो-जाहो करायचं. मुलगी असेल तर ताई, मुलगा असेल तर दादा. "जीभ एकदा वळली की वळली," त्या म्हणाल्या होत्या. "मग चुकायची भीती नाही." ते ऐकून तिला हसू फुटलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं कोपरानं ढोसलं म्हणून ती गप्प बसली. पण घरी येऊन तिनं नवऱ्यासमोर त्याची अशी काही नक्कल केली की तो हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "अहो ताई, तुम्ही शू केलीत का? अगंबाई, शी पण केलीत! वा, वा, किती छान केलीत!" नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक, दिवसभर कुणाचे तरी शिव्याशाप खाऊन यायचा, त्याला हा खेळ फार आवडायचा. म्हणायचा, "मलाही म्हण की एकदा, अहो, जेवता का." ती म्हणायची, "तुला? तुला कशाला म्हणू? तू काय पगार देतोस मला?" त्यांच्या घरात 'अहो'ला थाराच नव्हता. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याला अरे-तुरे करायची. सासू असेपर्यंत त्यावरून तिनं पुष्कळ ऐकून घेतलं, पण बधली नाही. पुढे नोकरी लागल्यावर तर तिनं मनाशी पक्कंच केलं की बाहेर दिवसभर 'तुम्ही' आणि उंबरठ्याच्या आत फक्त 'तू'. चपला काढाव्यात तसा तो शब्द ती दाराबाहेर काढून ठेवायची. निदान तिला तसं वाटायचं.

पण शब्द काही चपला नसतात. बेबीताईला ताप आला की रात्र रात्र मांडीवर घेऊन ती "झोपा बरं आता, झोपा माझ्या राणी," असंच म्हणायची आणि ते म्हणताना तिच्या मनात नोकरी नसायची. ते पोर तिच्या गळ्याशी तोंड खुपसून झोपायचं. मावशी म्हणता येईना म्हणून माऊ म्हणायला लागलं आणि माऊला तू म्हणायला लागलं. मोठ्या बाईला पोर 'तू' म्हणतं आणि मोठी बाई पोराला 'तुम्ही', हे उलटं आहे हे तिला त्या काळात कधी खुपलं नाही. बेबीताईनं पहिलं पाऊल टाकलं ते तिच्याच दिशेनं, खिडकीपासून पलंगापर्यंत. तिनं कुणालाही सांगितलं नाही. संध्याकाळी तिच्या आईच्या, म्हणजे मॅडमच्या देखत पोर पुन्हा चाललं, मॅडम आनंदानं किंचाळल्या, आणि तिनंही जणू पहिल्यांदाच पाहिल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. मुंगीचं पहिलं पाऊल मात्र तिनं पाहिलंच नाही. शेजारच्या काकूंना कुठल्या ऑफिसनं काही शिकवलेलं नव्हतं, त्यांनी दारातच सांगून टाकलं, "चालली गं तुझी आज. भलतीच गोड चालली." ती बरं म्हणाली, पोरीला कडेवर घेतलं, घरी आली आणि मोरीत नळ सोडून रडली. बेबीताई शाळेत जायला लागली तशी मॅडमनी तिला मोकळी केली, जुने कपडे दिले, आणि जाताना स्वतःहून म्हणाल्या की आमच्या बेबीच्या शाळेत दरवर्षी काही मुलांना फी माफ असते, तुझ्या मुलीचं मी बोलते. मॅडम शब्दाला जागल्या. त्या दिवशी तिला वाटलं होतं की जे गेलं ते सगळं भरून निघालं. बेबीताई ज्या बाकावर बसेल त्याच बाकावर माझी मुंगी बसेल.

मुंगीकडून गोष्ट काढून घ्यायला तिला पुष्कळ वेळ लागला. ही पोर मुळात कमी बोलायची. बापानं तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली तीच म्हणून, की ही काही न बोलता आपलं आपलं काहीतरी इकडून तिकडे नेत असते. रविवारी न्हाऊ घालताना, डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून मुंगीनं डोळे घट्ट मिटले होते, तेव्हा ती बोलली. मिटल्या डोळ्यांनी तिला बोलता आलं. मधल्या सुट्टीत त्या घर-घर खेळतात. बेबीताई आई होते, एक जण बाबा होते, एक जण बाळ. आणि घरात एक बाई लागते. "मग तू बाई होतेस?" तिनं विचारलं. "मला येतं ना," मुंगी म्हणाली. "मी म्हटलं, अहो ताई, तुम्ही शी केलीत का, वा, वा. त्या इतक्या हसल्या, आई! रोज सांगायच्या, ते म्हण, ते म्हण." साबणाचा हात डोक्यावर तसाच थांबला. तो खेळ पोरीनं घरातून नेला होता. दमून आलेल्या बापाला हसवायला आई जी नक्कल करायची ती कोपऱ्यात बसून पोरीनं तोंडपाठ केली होती. तिच्यापाशी शाळेत न्यायला दुसरं काय होतं? डब्यात काही वेगळं नाही, सुटीत कुठे फिरून आलेली नाही, सांगायला एकही गाव नाही. तिनं आपली हसण्याची गोष्ट नेली. आणि मग, मुंगी म्हणाली, एक दिवस घंटा झाली, खेळ संपला, त्या वर्गात आल्या, आणि तिनं बेबीताईला म्हटलं की तुझा खडू दे. तर बेबीताई म्हणाली, "तुझा नाही. तुमचा." बाकीच्या हसल्या. मुंगीला वाटलं, खेळ अजून चालू आहे. दुसऱ्या दिवशीही चालू होता. आता तो संपतच नाही. तू म्हटलं तर कुणी ऐकू आल्यासारखं करत नाही. तिच्याशी बोलतच नाहीत. "आणि सगळ्या मला बाई म्हणतात," मुंगी म्हणाली. "डोळे धू ना, आई."

तिच्या लहानपणी शाळेत 'बाई' म्हणजे शिकवणाऱ्या बाई. खडूच्या पांढऱ्या बोटांच्या, दरारा असलेल्या. बाई वर्गात आल्या की चाळीस पोरं उठून उभी राहायची. या शाळेत शिकवणारीला मिस म्हणतात, त्यामुळे बाई हा शब्द तिथं रिकामाच पडून होता. तो त्यांनी तिच्या पोरीला दिला. ही गंमत तिला त्या संध्याकाळी भांडी घासताना सुचली आणि ती एकटीच हसली, मग हसता हसता तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले. नवरा म्हणाला, "पोरं आहेत, दोन दिवसांत विसरतील." ती म्हणाली, "पोरं विसरत नसतात. पोरांना शिकवलेलं आयुष्यभर राहतं, मला विचार." तो म्हणाला, "मग जा. पण भांडू नकोस. त्यांनी काढून टाकलं तर कुठे घालणार आहोत तिला?" ती भांडणार नव्हतीच. तिला एवढंच करायचं होतं की शाळेच्या मोठ्या मॅडमच्या समोर, मुंगीच्या देखत, बेबीताईला सांगायचं, ही तुझ्या वर्गातली मुलगी आहे, हिला तुला तूच म्हणू दे. त्यासाठी तिला स्वतःला आधी बेबीताईला 'तू' म्हणावं लागणार होतं. तिचं तिलाच हे उशिरा लक्षात आलं. तिनं सराव केला. हल्ली ती ज्यांच्याकडे कामाला जात होती त्या आजोबांची खोली झाडताना तोंडातल्या तोंडात म्हणायची, बेबी, तू. तुला. तुझं. हे बघ बेबी, तू मोठी झालीस. आजोबा ऐकायला कमी, ते म्हणायचे, "काय गं?" "काही नाही हो," ती म्हणायची. किती सोपा शब्द, आणि दगडासारखा जड. एकदा तर तिनं स्वतःच्याच तोंडून "तू बसा" असं ऐकलं आणि झाडू तसाच हातात धरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आजोबा तरीही हसले नाहीत, त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं.

मोठ्या मॅडमची खोली गार होती. टेबलावर काच, काचेखाली शाळेच्या जुन्या फोटोंची रांग, भिंतीशी खुर्च्या. मोठ्या मॅडम तिला "बसा" म्हणाल्या, "पाणी घेणार का?" म्हणाल्या, आणि एवढ्या आदरानं तिची जीभ आणखी आखडली. तिनं सांगितलं. पाठ केलेलं होतं ते मधेच तुटलं, पुन्हा जोडलं, पण सांगितलं सगळं. मोठ्या मॅडम मान हलवत ऐकत होत्या. "आमच्या शाळेत आम्ही असा भेदभाव करत नाही हं," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू का? ताई म्हणणं, तुम्ही म्हणणं, हे तर चांगलंच आहे. उलट हल्लीची मुलं कुणाला आदरानं बोलतात का? तुमच्या मुलीला किती छान वळण आहे." शिवी दिली असती तर शिवी म्हणून दाखवता आली असती. मारलं असतं तर वळ दाखवता आला असता. इथे दाखवायला होता फक्त आदर. "मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही तुमच्या मैत्रिणीला अहो ताई म्हणता का?" मोठ्या मॅडम पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघायला लागल्या. मग त्यांनी शिपायाला पाठवून दोन्ही मुलींना बोलावून घेतलं.

मुंगी येऊन दारालगत उभी राहिली, नवे बूट जुळवून, भिंतीला पाठ लावून. बेबीताई सरळ टेबलापर्यंत आली, आणि खुर्चीवर कोण बसलं आहे ते पाहताच तिचा चेहरा उजळला. "माऊ!" मुंगीची आई उठून उभी राहिली होती. कशी उठली तिला कळलं नाही. तिनं एकदा दाराकडे पाहिलं. मुंगी तिच्याकडे बघत होती, तोंड थोडं उघडं, श्वास धरून, आता आई म्हणेल, आता म्हणेल, अशी. आणि ती म्हणाली. "हे बघ बेबी." आवाज तिचाच होता. "तू मुंगीला बाई म्हणतेस. तुला ती तुम्ही म्हणत नाही तोवर तू तिच्याशी बोलत नाहीस. हे तू बंद करायचं." जमलं. एकेक शब्द सुईतून दोरा ओवावा तसा पार पडला. दाराशी मुंगीनं सोडलेला श्वास तिला ऐकू आला आणि तिचं अंग हलकं झालं. वाटलं, एवढंच तर होतं, एवढंच करायचं राहिलं होतं इतकी वर्षं. बेबीताई तिच्याकडे बघत राहिली. ती घाबरलेली दिसत नव्हती, चक्रावलेली दिसत होती. घरातल्या घरात रस्ता चुकलेलं पोर दिसेल तशी. "माऊ," ती म्हणाली, "तू मला असं का बोलतेस? तू रागावलीस माझ्यावर?" हनुवटी थरथरायला लागली. आणि मग तिनं रडण्यासाठी तोंड उघडलं, पण आवाज बाहेर आलाच नाही.

हे तिला ठाऊक होतं. जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, बेबीताईच्या आईला आणि तिला. लहानपणापासून या पोरीचा रडताना श्वास कोंडायचा. तोंड उघडं, डोळे पांढरे, ओठ निळे पडत जायचे, आणि त्या वेळी विचार करायला सवड नसायची. मोठ्या मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठून "पाणी, पाणी" म्हणत होत्या. ती केव्हाच टेबलाला वळसा घालून गेली होती, पोरीला छातीशी घेतलं होतं, तोंडावर फुंकर मारली होती, पाठीवर खालून वर हात चालला होता, आणि तिचं तोंड आपोआप बोलत होतं, "नाही, नाही, रडू नका, बेबीताई, माझ्या राणी, माऊ नाही हो रागावली, श्वास घ्या बघू, घ्या, शहाण्या ना तुम्ही, हं, अशा." श्वास आला. मागोमाग रडं आलं, मोठ्यानं, आणि त्या आवाजानं तिचा जीव भांड्यात पडला. बेबीताईनं तिच्या गळ्याशी तोंड खुपसलं. तिनं पदरानं तिचं नाक पुसलं. "चुकलं माझं," ती म्हणत होती, "चुकलं हो ताई, पुन्हा नाही बोलणार अशी." पाठीवरचा हात चालूच होता. मग तो एकदम थांबला. तिनं काय म्हटलं ते तिला आता ऐकू आलं. तिनं दाराकडे पाहिलं. मुंगी आपल्या बुटांकडे बघत होती.

मोठ्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बघा," त्या म्हणाल्या, "इतकं प्रेम आहे तुमच्यात. मुलींच्या खेळण्या-बोलण्याचं काय एवढं मनावर घ्यायचं?" त्यांनी बेबीताईला जवळ घेऊन सांगितलं की वर्गात कुणाला चिडवायचं नाही, आणि बेबीताईनं नाक ओढत मान डोलावली. मग त्यांनी मुंगीला पुढे बोलावलं आणि दोघींचे हात एकमेकींच्या हातात दिले. "म्हणा बघू, आम्ही मैत्रिणी." बेबीताई म्हणाली. मुंगीही म्हणाली. सगळं फारच चांगलं झालं. शिपायानं चहा आणला. तो तिनं उभ्या उभ्याच घेतला आणि कप नेऊन कुठे विसळायचा ते विचारलं, तेव्हा मोठ्या मॅडम म्हणाल्या, "अहो, राहू द्या, राहू द्या."

संध्याकाळी नवऱ्याची पाळी होती, घरी दोघीच. तिनं बटाटे उकडले, अंडी उकडली, घडीचं टेबल उघडलं. शाळेतून येताना मुंगी रोजच्यासारखीच रेघा चुकवत चालली होती, आणि वाटेत एकदाच बोलली होती की बूट चावत नाहीत. तिला वाटत होतं पोरीनं चिडावं, आपटावं, ताट फेकावं. मग तिला कानाखाली मारता आलं असतं, मग जवळ घेता आलं असतं. ती बटाटे सोलत राहिली, बोटं पोळली तरी सोलत राहिली. "आई," मुंगी म्हणाली, "ती रडायला लागली तेव्हा तू म्हणालीस, रडू नका."

"हं."

"मी रडले की तू म्हणतेस, गप, नाहीतर अजून दोन देईन."

त्यात तक्रार नव्हती. बाहेर ढग आलेत असं सांगावं तसं तिनं सांगितलं. बटाटा आईच्या हातातून सुटून ताटात पडला. हे खरं होतं. दिवसभर दुसऱ्याच्या घरी गोड बोलून आल्यावर घरी तिच्यापाशी काही गोड उरायचंच नाही. जे उरायचं ते खरखरीत, घाईचं, आणि ते हिच्या वाट्याला यायचं. तिला वाटायचं, आपल्या माणसाला चालतं.

"मला म्हण ना एकदा," मुंगी म्हणाली.

"काय म्हणू?"

"तुम्ही."

"वेडी का गं तू? तुम्ही परक्याला म्हणतात. आपल्या माणसाला तूच म्हणायचं असतं."

मुंगीनं थोडा विचार केला. "बेबीताई परकी आहे?" तिनं विचारलं.

आईच्या गळ्याशी अजून ते ओलं तोंड होतं, पदराला अजून ते नाक पुसलेलं होतं. खोटं बोलता आलं असतं, पण मुंगीनं दाराशी उभं राहून सगळं पाहिलं होतं. तिनं हात पुसले. ताट नीट लावलं. मग खुर्ची मागे ओढून धरली आणि जमेल तेवढ्या मायेनं, जमेल तेवढ्या खऱ्या आवाजात म्हणाली, "जेवायला बसा, ताई."

मुंगी बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. मग तिनं बटाट्याचा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि चावत चावत वाट बघत राहिली, औषध घेतल्यावर गुण येतो का ते बघावं तशी. समोरची दुसरी खुर्ची रिकामी होती. तिथं ती रोज बसायची, मुंगीच्या ताटातलं टाकलेलं खायची, हिशोबाच्या, डेपोच्या, आजोबांच्या कवळीच्या गोष्टी सांगायची. आज ती कपाटाला टेकून उभी होती, हातात पाण्याचा ग्लास, मुंगीनं मागितलं तर लगेच देता यावा असा. इथे येऊन आपण केव्हा उभ्या राहिलो ते तिचं तिला कळलं नव्हतं.

"काहीच नाही वाटत," मुंगी म्हणाली.

"कशाचं गं?"

"तुम्ही म्हटल्याचं. मला वाटलं, काहीतरी वाटत असेल." तिनं अंड्याचा पिवळा भाग वेगळा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "म्हणजे तिलाही काही वाटत नसेल. मग म्हणत जाईन मी. आपणहून म्हणेन उद्यापासून. तू नको येऊस परत शाळेत."

"मुंगे, नाही गं बाळा. तू कशाला म्हणायचं तिला? तू नाही म्हणायचं. तू—"

"तू म्हणतेस ना?" मुंगी म्हणाली. पहिल्यांदाच तिनं वर पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत रागाचा मागमूस नव्हता. राग असता तर किती बरं झालं असतं. "मग तू एकटीनंच कशाला म्हणायचं?"

जवळ जावं, खाली बसावं, त्या एवढ्याशा खांद्यांवर डोकं टेकावं, असं आईला वाटत होतं, आणि ती कपाटापाशीच उभी होती. मुंगीला भूक लागली होती. बऱ्याच दिवसांनी ती मन लावून जेवत होती, काहीतरी अवघड एकदाचं उरकून टाकल्यासारखी. तिनं ताट पुढे केलं आणि म्हणाली, "अजून एक बटाटा दे ना, आई." तिनं वाढला. मुंगीचं जेवण संपेपर्यंत ती उभीच राहिली.